उसाच्या बिलात काय बसतं, पीसी की प्लेस्टेशन?

कळंबमधली शेतातली वस्ती. भाची बारामतीला बीसीएसच्या पहिल्या वर्षाला, रोज एसटीने जाऊन-येऊन. मामा वालचंदनगरच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. मधल्या काळात गावात त्यांनी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकानही चालवलं. वडिलांनी उसाच्या बिलातले साठ हजार भाचीला कबूल केले आहेत.

भाची : मामा, साठ हजारांत गेम खेळायला काय घेऊ? पीसी की प्लेस्टेशन?

मामा : बिल जमा झालं का?

भाची : अजून नाही.

मामा : मग घाई कसली? ऊस तुटून गेला की चौदा दिवसांत पैसे द्यायचे, असं १९६६ च्या आदेशात लिहिलंय. विचार तुझ्या बाबांना, किती वेळा मिळाले चौदा दिवसांत. एक हप्ता आत्ता, एक बेंदराला, उरलेला दिवाळीला...

भाची : मामा, प्लेस्टेशन.

मामा : हां. आधी सांग, संध्याकाळी सात ते दहा तुमच्याकडे रिमोट कुणाच्या हातात असतो?

भाची : आजीच्या.

मामा : मग आजीची मालिका बंद करून तू फुटबॉल खेळणार? प्लेस्टेशनला पडदा लागतो गं. पीसीचा हिशोब मांडताना सगळे मॉनिटरची किंमत धरतात, आणि प्लेस्टेशनच्या वेळी टीव्ही घरात आहेच म्हणून सोडून देतात. तो टीव्ही तुझा नाही. तेव्हा मॉनिटरचे आठ-दहा हजार दोन्हीकडे धर.

भाची : धरले. प्लेस्टेशन ५ आपल्याकडे आलं तेव्हा ४९,९९० ला होतं ना?

मामा : फेब्रुवारी २०२१ मध्ये. पुढे ५४,९९० झालं. पूर्वी असं नसायचं. कन्सोल जुना झाला की स्वस्त व्हायचा, म्हणून तर प्लेस्टेशन २ इतकी वर्षं आपल्याकडे विकलं गेलं. या पिढीत उलटं झालं. त्यात आपलं सरकार व्हिडिओ गेमला चैनीत धरून २८ टक्के जीएसटी घेत होतं. डिसेंबर २०१८ च्या बैठकीत १८ वर आणला, तेवढाच काय तो दिलासा.

भाची : आणि तेवढ्याच पैशांत तेवढाच ताकदवान पीसी मिळतो?

मामा : नवा नाही मिळत. हे मला कबूल करायला जड जातं, पण खरं आहे. दोन्हींच्या पोटात जात एकच. प्लेस्टेशन ५ मध्ये एएमडीचा आठ कोअरचा प्रोसेसर, ग्राफिक्सही एएमडीचंच, १६ जीबी मेमरी दोघांत वाटलेली, आणि पहिल्या मॉडेलात ८२५ जीबीची एसएसडी. हेच भाग सुटे घ्यायला गेलीस तर साठच्या पुढे जाशील. त्यात २०२५ च्या अखेरीपासून रॅम महागली, कारण एआयच्या कारखान्यांनी सगळी मेमरी ओढून घेतली. त्याआधी क्रिप्टोवाल्यांनी ग्राफिक्स कार्डं पळवली होती. आपण खेळणारे नेहमी रांगेत मागे.

भाची : मग कंपनीला कन्सोल परवडतो कसा?

मामा : पेटीवर फार कमवायचंच नसतं. कमाई पुढे, गेममध्ये. त्यांच्या दुकानातून जो गेम विकला जातो त्यातले साधारण तीस टक्के त्यांचे.

भाची : पण स्टीमपण तीस टक्केच घेतं.

मामा : घेतं ना! पण पीसीवर स्टीम नाही आवडलं तर दुसरं दुकान आहे. एपिकने मे २०२० मध्ये जीटीए पाच फुकट वाटला होता. इतकी गर्दी झाली की त्यांची साइटच बसली. स्टीमवर २०१५ पासून रुपयांत किमती आहेत, सेल लागतात. प्लेस्टेशनचा मोठा गेम नवा आला की ४,९९९. शिवाय विकतचे गेम ऑनलाइन चार जणींत खेळायचे तर प्लेस्टेशन प्लसची वर्गणी वेगळी. पीसीवर तसली वर्गणी नाही.

भाची : पण डिस्क विकता येते. माझ्या वर्गातली मुलं एक डिस्क घेतात, खेळून संपली की विकतात.

मामा : येते, आणि हा कन्सोलचा खरा गुण आहे. स्टीमवर घेतलेला गेम जन्मात विकता येत नाही. म्हणून घेतलंस तर डिस्कवालं घे, डिजिटलवालं बिलकुल नको. आपल्याकडे त्याला आणखी एक कारण आहे, ते...

भाची : मामा, जीटीए सहा पीसीवर येणार का?

मामा : डिस्कचं ऐक आधी.

भाची : नाही, हे सांगा. तो पीसीवर येणारच नसेल तर बाकीचं ऐकून काय करू?

मामा : जाहीर झालाय तो प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्ससाठी. आधी २०२५ म्हणाले, मग मे २०२६, मग १९ नोव्हेंबर २०२६. पीसीचं नाव त्यात नाही. पण जुन्या जीटीएंचा हिशोब बघ. व्हाइस सिटी प्लेस्टेशनवर ऑक्टोबर २००२, पीसीवर मे २००३. सॅन अँड्रियास २००४ च्या ऑक्टोबरला, पीसीवर पुढच्या जूनला. पाचवा २०१३ च्या सप्टेंबरात आला आणि पीसीवाल्यांनी एप्रिल २०१५ पर्यंत वाट पाहिली. हे सगळे आले, पण उशिरा. गॉड ऑफ वॉरसुद्धा २०१८ चा, पीसीला जानेवारी २०२२ मध्ये मिळाला.

भाची : म्हणजे दीड वर्ष मी सगळ्यांच्या तोंडून ऐकत बसायचं?

मामा : व्हाइस सिटी आपल्या पोरांनी कुठे खेळला? सायबर कॅफेत, पीसीवर. प्लेस्टेशनवर तो आधी आला होता हे इथे कुणाला ठाऊकही नव्हतं. कुणाचं काय बिघडलं?

भाची : तेव्हा इन्स्टाग्राम नव्हतं, मामा. आता शेवट दुसऱ्या दिवशीच कळतो.

मामा : ... बरं. हा मुद्दा तुझा. आता विजेचं बोलू?

भाची : त्यात काय बोलायचं? दोन्ही विजेवरच चालतात. मी यूट्यूबवर सगळ्या तुलना पाहिल्यात.

मामा : त्या तुलना करणारे मुंबई-बंगळुरूच्या एसी खोलीत बसलेले असतात. त्यांच्या व्हिडिओत थ्री फेज कुठे असते? तुझी वस्ती शेतीच्या लाइनवर आहे. शेतीपंपाला वीज पाळीने, कधी दिवसा, कधी रात्री. एरवी सिंगल फेजवर घर चालतं. थ्री फेज आली की सगळ्यांच्या ऑटो स्टार्टरवरच्या मोटरी एकदम उठतात आणि तुमच्या स्वयंपाकघरातला दिवा पिवळा पडतो. पडतो की नाही?

भाची : पडतो. टीव्ही बंद होऊन परत लागतो.

मामा : आता ऐक. दाब नुसता कमी झाला तर चांगला पॉवर सप्लाय सांभाळून घेतो. त्याच्यावर १०० ते २४० व्होल्ट छापलेलं असतं. स्वस्तातल्यावर तसं नसतं, म्हणून सप्लायमध्ये पैसे वाचवू नकोस. मारतो तो झटका. लाइट जाते ती गेम सेव्ह होत असताना, आणि येते ती उसळी मारून. प्लेस्टेशन परत लावलं की सांगतं, नीट बंद केलं नव्हतं, आणि स्वतःची साठवण तपासत बसतं. रोज रोज हे झालं तर एक दिवस तपासूनही उपयोग नसतो.

भाची : मग यूपीएस.

मामा : हो, पण कुठला? प्लेस्टेशन ५ जोरात चालताना दोनशे वॅटच्या आसपास ओढतं. मधल्या दर्जाचा गेमिंग पीसी मॉनिटर धरून साडेतीनशेच्या पुढे जातो. दुकानदार तुला सहाशे व्हीएचा यूपीएस देईल, तो सोसतो जेमतेम ३६० वॅट. ऐन लढाईत तो ओरडून बंद पडणार. पीसीला हजार व्हीएचा तरी हवा. आणि स्वस्त यूपीएसमधून वीज येते ती चौकोनी पायऱ्यांची. चांगल्या पॉवर सप्लायपैकी काहींना ती चालत नाही, बॅटरीवर गेलं की पीसी धाडकन बंद. शुद्ध साइन वेव्ह लिहिलेला घे.

भाची : घरात इन्व्हर्टर आहे की.

मामा : त्याच्या पाठीमागे एक बटण असतं, यूपीएस मोडचं. ते दाबलेलं नसेल तर बॅटरीवर जायला त्याला जरा वेळ लागतो, तेवढ्यात पीसी गेलेला असतो. बघ जाऊन. विजेच्या बाबतीत मात्र कन्सोल सरळ जिंकतो. कमी खातो, लहान यूपीएसवर भागतं. रोज तीन तास खेळलीस तर महिन्याला अठरा युनिट. पीसीचे तीसच्या वर.

भाची : तुम्ही कन्सोलची बाजू घ्यायला लागलात!

मामा : मी कुणाची बाजू घेत नाही. जे आहे ते सांगतोय. आता डिस्कचं राहिलेलं कारण. तुझ्या मोबाइलला रोज किती डेटा?

भाची : दोन जीबी.

मामा : आजचा मोठा गेम शंभर जीबीचा. पन्नास दिवस तू ना गाणं ऐकायचं, ना आईला व्हिडिओ कॉल करायचा. प्लेस्टेशन ५ च्या डिस्कवर शंभर जीबीपर्यंत मजकूर मावतो. वरून अपडेट उतरवावा लागतोच, पण बराचसा भार डिस्क उचलते.

भाची : पीसीवर काय करायचं मग?

मामा : बारामतीला कुणाकडे फायबर असेल तिथे गेम उतरवायचा, फोल्डर हार्ड डिस्कवर घ्यायचा, घरी येऊन स्टीमला दाखवायचा. ते तपासून उरलेलं तेवढं उतरवतं. गेम मात्र तुझ्या खात्यावर विकत घेतलेला पाहिजे. फुकटातल्या क्रॅकच्या नादी लागू नकोस. दुकानात निम्मे पीसी त्यातल्या व्हायरसनेच यायचे.

भाची : लॅपटॉप घेतला तर? त्याची बॅटरी म्हणजे यूपीएसच.

मामा : चांगला प्रश्न आहे. कॉलेजलाही नेता येईल. पण बॅटरीवर गेम मंदावतो, एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तापतो, आणि साठ हजारांतला गेमिंग लॅपटॉप म्हणजे ग्राफिक्स कार्ड कायमचं पक्कं. विहिरीवरची मोटर जळाली तर आपण ती फेकतो का? जंक्शन गावाला नेऊन वाइंडिंग करून आणतो. पीसीचं तसं आहे, जळला तो भाग बदलायचा. उसाचं पाचट पेटवलं की काळी राख घरात येते, कारखान्याच्या चिमणीची वेगळी. पीसीचं झाकण काढून ब्लोअर मारता येतो. प्लेस्टेशन ५ च्याही बाजूच्या पट्ट्या निघतात, धूळ साठायला आत भोकं ठेवलीत, तेवढी काढायची. त्याच्या पुढे जाऊ नकोस. प्रोसेसरवर द्रवरूप धातू लावलेला असतो, तो सांडला तर खेळ खलास.

भाची : मला नाही काही उघडायचं.

मामा : हेच! वालचंदनगरात इस्रोच्या रॉकेटचे आवरणाचे भाग बनतात, जगभर जाणारे गिअरबॉक्स बनतात, आणि भिंतीपलीकडच्या गावातल्या पोरांना स्क्रू ड्रायव्हर कुठल्या बाजूने धरायचा ते माहीत नाही. आमच्या वेळी...

भाची : मामा.

मामा : बरं. बाबांना काय सांगितलंस? अभ्यासासाठी हवाय?

भाची : ... हो.

मामा : मग पीसीच घ्यावा लागेल, नाहीतर प्लेस्टेशनवर कुठला अभ्यास दाखवणार? थट्टा सोड, पण तू बीसीएसला आहेस. राजी नावाचा गेम ऐकलास?

भाची : हो, ती दुर्गेची भक्त मुलगी, भावाला शोधते. राजस्थानी महाल आहेत त्यात.

मामा : तो पुण्यात बनला. नॉडिंग हेड्स गेम्स. २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणी मागितली, ती पुरी झाली नाही. तरी रेटत राहिले. ऑगस्ट २०२० मध्ये गेम आला, आणि सगळ्यात आधी कशावर आला? निन्टेन्डो स्विचवर. जो कन्सोल निन्टेन्डो आपल्या देशात अधिकृतपणे विकतही नाही! पुण्याच्या पोरांनी बनवलेला गेम पुण्याच्या पोरांना घरच्या पीसीवर मिळायला ऑक्टोबर उजाडला. मला याचा इतका राग आला होता...

भाची : पण मग ते तर कन्सोलच्या बाजूचं झालं.

मामा : अर्धंच. विकला कन्सोलवर, पण बनवला कशावर? पीसीवर. अनरियल इंजिन वापरून, जे कुणालाही उतरवून घेता येतं. गेम बनवायचं गोडो, थ्री-डी आकृत्यांचं ब्लेंडर पूर्ण फुकट आहेत, साध्या पीसीवर चालतात. प्लेस्टेशनवर तू दुसऱ्याने बनवलेलं खेळशील, बास.

भाची : मामा, खरं सांगू? मला गेम बनवायचा नाही. दिवसभर कॉलेजात कोडच लिहिते. घरी येऊन फक्त खेळायचंय.

मामा : फक्त?

भाची : फक्त. आणि जीटीए सहा पहिल्या दिवशी.

मामा : ... मग प्लेस्टेशन घे. डिस्कवालं. सोबत साधा मॉनिटर, आणि सहाशे व्हीएचा यूपीएस पुरेल. साठच्या वर जातंय ते मी बघतो. मी असतो तर पीसी घेतला असता, पण तो मी.

भाची : आणि अभ्यास?

मामा : कॉलेजची लॅब आहे. नाहीतर माझा जुना डबा ने, गोडो त्याच्यावर चालतो. नुसता राहू दे घरात.

भाची : डबा नेते. पण मागे आमच्याकडे आणला होता तेव्हा त्याला हात लावला की झिणझिण्या यायच्या हो.

मामा : तो डब्याचा दोष नाही, तुझ्या घराला अर्थिंग नाही. पीसीच्या सप्लायमधला फिल्टर थोडी वीज कॅबिनेटवर सोडतो, ती तीन पिनांतल्या मोठ्या पिनेने जमिनीत जायची असते. पिनेला जमीनच नाही तर ती तुझ्या बोटातून जाते. प्लेस्टेशनची वायर दोनच पिनांची असते, म्हणून तिथे तुला कळणारही नाही. पण यूपीएसला आणि फ्रिजलाही अर्थिंग लागतंच. रविवारी येतो. घराच्या मागे मोरीचं पाणी जातं तिथे खड्डा घे, कोळसा आणि खडेमीठ आणून ठेव. पाइप मी आणतो.