फोटोत काहीच नव्हतं

मे महिन्यात घरी पाहुणा आला की आमच्या मानवतला रसाचा बेत ठरलेला. गावरान आंबे पिळायचे, कोयी-साली बादलीत टाकायच्या आणि बादली गोठ्याच्या कोपऱ्यात सरकवायची. आमच्या वाघ्यानं त्या बादलीतलं काय काय खाल्लं, ते कोणी पाहिलं नाही. गावरान कोय लहान असते, रसानं बुळबुळीत झालेली असते. कुत्रं ती चावत बसत नाही, गिळून टाकतं.

दुसऱ्या दिवशी त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या. मी एरंडेल पाजलं. पोटाच्या प्रत्येक दुखण्यावर आमच्या घरात हाच उपाय. आतडं अडलेलं असताना जुलाब देणं किती घातकी, हे मला नंतर कळलं. तिसऱ्या दिवशी वाघ्या पुढचे पाय लांबवून, छाती जमिनीला टेकवून आणि मागचा भाग वर करून उभा राहिला. “बघा, आळस देतोय,” म्हणून मी हसलो. तो पोटातल्या कळेनं वाकला होता.

संध्याकाळी ओळखीनं एका एक्स-रे सेंटरवर नेलं. सेंटर माणसांचं, वेळ बंद करायची, आम्ही मागच्या दारानं. एका कुशीवर निजवून एकच फोटो काढला. “सर, हाडबिड काही दिसत नाही,” मुलगा म्हणाला, आणि ते खरंही होतं. मी मात्र त्याचा अर्थ ‘पोटात काही नाही’ असा घेतला आणि निवांत घरी आलो. त्या निवांतपणात दीड दिवस गेला.

वाघ्या उठेना, तेव्हा परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं. हे महाविद्यालय १९७२ पासून तिथं आहे, आमच्यापासून तासाभराच्या वाटेवर. म्हैस अडली की आम्ही तिथंच धावतो. कुत्र्यासाठी मात्र मला चार दिवस ते सुचलं नाही. डॉक्टरबाईंनी माझ्या हातातल्या फिल्मकडे आधी पाहिलंच नाही. ओठ उचलून हिरड्या दाबल्या, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, दोन्ही हातांनी पोट चाचपलं आणि सलाईन लावलं. मग फिल्म खिडकीच्या उजेडात धरून विचारलं, “सर, हा फोटो कशासाठी काढला?”

“पोट बघायला.”

“पोटात काय बघायला?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग त्यांनी पोटावरचे केस काढले, जेली लावली आणि सोनोग्राफीचा प्रोब फिरवला. पडद्यावर भाकरीच्या काठासारखी एक उजळ कमान दिसली आणि तिच्यामागे काळीभोर सावली. कमानीच्या अलीकडे आतडं पाण्यानं फुगलेलं, पलीकडे रिकामं. ती कोय. एक्स-रेवर ती हाडासारखी पांढरीशुभ्र उठत नाही, आतड्यातल्या गर्दीत लपते. दुसऱ्या कुशीवरचा आणि उताणं निजवून असे आणखी फोटो काढले असते, तर आतड्यातल्या वायूवरून कदाचित अंदाज आला असता. एका फोटोवर भरवसा ठेवायचा नसतो. ऑपरेशन झालं. कोय निघाली आणि तिच्यासोबत काळं पडलेलं वीतभर आतडंही काढावं लागलं. वाघ्या वाचला.

तेव्हापासून गल्लीतलं कोणाचं कुत्रं-मांजर आजारी पडलं की लोक माझ्याकडे येतात. मी डॉक्टर नाही. त्या दिवसांत विचारून घेतलं तेवढंच सांगतो. हाड, सुई, नाणं, बरेचसे मुतखडे एक्स-रेत दिसतात. कापड, दोरा, कोय यांचा भरवसा नाही. पोटात पाणी किंवा रक्त साचलंय का, आतड्यात आतडं शिरलंय का, माजावर येऊन गेलेल्या कुत्रीच्या गर्भाशयात पू झालाय का, हे सोनोग्राफी चांगलं सांगते. पण वायूपुढे सोनोग्राफी आंधळी. म्हणून मोठ्या जातीच्या कुत्र्याचं पोट ढोलासारखं फुगलं, ते ओकायला बघतंय आणि नुसता फेस येतोय, तर जठराला पीळ पडल्याची शंका घ्यायची. तिथं उजव्या कुशीवरचा एक एक्स-रे बहुधा पुरतो. जनावर कोसळत असेल तर आधी वायू काढतात, फोटो मागून. हा खेळ तासांचा असतो. पुण्याच्या भाच्यानं मला फोनवर “मामा, सीटी करून घ्या” म्हणून सांगितलं होतं. सीटीत खूप दिसतं हे खरं. पण जनावर निश्चल पडावं म्हणून बहुधा गुंगी द्यावी लागते, आणि खचलेल्या जीवाला ती झेपेलच असं नाही.

कधी यंत्राआधी हातच पुरतो. गादीवाल्याकडचं मांजर खाईना, तेव्हा डॉक्टरांनी आधी जीभ उचलून पाहिली. खाली दोऱ्याचा फास. दोऱ्याचं एक टोक असं अडकलं की आतडं परकराच्या नेफ्यासारखं चुण्या पडून गोळा होतं. तो दोरा ओढायचा नाही; आतडं चिरत जातं. बोका लघवीला बसतो आणि थेंबही येत नाही, तेव्हाही कडक झालेली लघवीची पिशवी हाताला लागते. ती आधी मोकळी करायची. खडे कुठं आहेत ते मग बघता येतं.

बेरियम पाजून फोटो काढायचं कोणी सुचवलं, तर आतडं फुटल्याची शंका आहे का, एवढं विचारा. असेल तर बेरियम नको. आणि कुठलाही फोटो काढण्याआधी “यात काय शोधताय, आणि नाही दिसलं तर पुढं काय?” हे विचारायला लाजू नका.

निघताना जुनी फिल्म, ओकारीचा मोबाइलवर काढलेला फोटो आणि शेवटची शी कधी झाली ती वेळ सोबत ठेवा. यंत्र चालू आहे का आणि चालवणारं माणूस आहे का, हे आधी फोन करून विचारा. रविवार असेल तर दोनदा विचारा.