गाभ्यास जप

मुक्काम चांदूर रेल्वे,
चैत्र शुद्ध ५

चि. भाचीस,

ऑकलंडच्या समुद्रकाठी घेतलेल्या नव्या घराच्या अंगणात ‘फ्लॅक्स’ लावण्याचा मानस तू कळविलास, तो मला सर्वथा मान्य आहे. मात्र आपल्या वऱ्हाडात दिवाळीच्या सुमारास पेरले जाणारे आणि निळ्या फुलांनी बहरून एकाच हंगामात आटोपणारे जवसाचे पीक मनात धरून तू त्याची निगा राखू नयेस, कारण ही सदाहरित वनस्पती जवसाच्या नव्हे, कोरफडीच्या कुळातली आहे. १७६९ साली इंग्रज दर्यावर्दी कुकचे जहाज न्यूझीलंडच्या किनाऱ्यास लागले, त्याच्या कितीतरी आधीपासून माओरी लोक तिच्या पानांपासून वस्त्रे, दोर आणि जाळी सिद्ध करीत असत. तिला ते हाराकेके म्हणतात.

प्रथम जातीचा निर्णय कर. थोरल्या जातीची पाने ३ मीटरपर्यंत वाढतात आणि फुलांचे दांडे त्याहूनही उंच जातात, म्हणून लहान अंगणास ठेंगणी पहाडी जातच योग्य. खारा वारा दोन्ही सोसतात. तुमच्याकडे आता शरद ऋतू असून जमीन अद्याप उबदार आहे, तेव्हा लागवडीची तजवीज तूर्त कर. रोप कुंडीत जितके खोल होते तितकेच लाव, कारण बुंधा मातीत गाडला जाऊन भोवती पाणी साचल्यास तो कुजतो. पहिल्या उन्हाळ्यात पाणी दे. पुढे मुळे स्थिरावल्यावर आपल्याकडच्या वैशाखाच्या धास्तीने रोज पाणी घालण्याची सवय सोड. पानांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकूण दडतो, तेथे नजर असू दे. आणि पट्टेदार जातीस निव्वळ हिरवा फुटवा आल्यास तो तळापासून काढ, अन्यथा तोच जोमाने वाढून मूळच्या झाडास झाकून टाकील.

परंतु माझी खरी ताकीद कापणीविषयी आहे. माओरी विणकर मधल्या कोंबास बालक आणि त्याच्या दोन्ही अंगांच्या पानांस मातापिता मानतात व या तिघांस कधीही शस्त्र लावीत नाहीत. बाहेरची जुनी पानेच तेवढी, पावसाचे पाणी गाभ्यात न उतरता बाहेर ओघळावे अशा बेताने, तिरकी कापतात. यात श्रद्धा आहे तशी वनस्पतीची अचूक पारखही आहे, कारण गाभा शाबूत राहिला तरच तो फुटवा पुन्हा पाने देतो. फुलांचे दांडेही घाईने छाटू नकोस. त्यांतील मधुरसासाठी तुई पक्षी येतात.

ज्या भूमीने तुला आश्रय दिला, तिचे ज्ञान आदराने आत्मसात करणे हे तुझे कर्तव्य आहे. म्हणून पहिले पान कापण्यापूर्वी तेथील एखाद्या जाणत्या विणकर स्त्रीस विचार, आणि ती सांगेल तो रिवाज माझ्या शब्दाहून अधिक प्रमाण मान.

तुझा शुभचिंतक,
मामा