अदार एक की दोन? संगणकावरील आपली पहिली खिडकी



आपल्या पुष्कळ घरांतील मुले व नातवंडे पायथॉन नावाची संगणकाची भाषा शिकतात. गणिते सोडवतात, पण उत्तर एका काळ्या पडद्यावर ओळीने उमटते. घरातील वडील मंडळींना त्याचा उपयोग नाही. म्हणून ह्या धड्यात आपण एक लहानशी खिडकी तयार करू. तिच्यात लिहायला एक खाना असेल, दाबायला एक बटन असेल आणि सर्व मजकूर मराठीत असेल. ज्याला इंग्रजी वाचता येत नाही व हिब्रू वाचताना अडखळायला होते, अशा माणसालाही ती वापरता आली पाहिजे.

प्रश्न कोणता?

हिब्रू पंचांगात १९ वर्षांच्या चक्रात ७ वर्षे तेरा महिन्यांची असतात. आपल्याकडे हिंदू पंचांगात जसा अधिक महिना धरतात, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की आपला जादा महिना नेहमी अदारचाच असतो. अदार महिन्यात वारलेल्या माणसाच्या घरी म्हणून प्रश्न पडतो: यंदा अदार एक की दोन? हश्काबा व कद्दीश कोणत्या दिवशी?

वर्ष तेरा महिन्यांचे आहे की नाही, हे ओळखण्याची रीत सोपी आहे. हिब्रू वर्षाला ७ ने गुणावे, १ मिळवावा आणि १९ ने भागावे. बाकी ७ पेक्षा कमी उरली तर अदार दोन. ५७८४ ची (सन २०२३-२४) बाकी ० येते, म्हणून त्या वर्षी दोन अदार होते. ५७८५ ची बाकी ७ व ५७८६ ची १४, म्हणून अदार एकच. ५७८७ ची (सन २०२६-२७) बाकी २, म्हणजे पुन्हा दोन.

सामान

विंडोज व मॅक संगणकांवर पायथॉनच्या अधिकृत संचाबरोबर टीकिंटर नावाचा भाग येतो. खिडक्या करण्याचे काम तोच करतो. त्याच्या पोटात टीके हे साधन आहे. ते अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात जॉन औस्टरहाउट ह्यांनी तयार केले.

पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून (सन २००८) आपण ठेवलेली नावे देवनागरीतही चालतात. भाषेचे स्वतःचे शब्द मात्र रोमन लिपीतच टाइप करावे लागतात. येथे ते उच्चाराप्रमाणे छापले आहेत. त्यांपैकी लेबल, एंट्री व बटन ह्यांचे पहिले अक्षर मोठे असते. प्रोग्राममधील आकडेही इंग्रजी हवेत.

पायऱ्या

१. पहिली ओळ: इम्पोर्ट टीकिंटर ऍज टीके. ह्यापुढे टीकिंटरला आपण थोडक्यात टीके म्हणू.

२. खिडकी = टीके.टीके(). ह्यातील दुसऱ्या टीकेचे पहिले अक्षर मोठे. एवढ्याने रिकामी खिडकी तयार झाली.

३. तिच्यात एक लेबल ठेवावे: 'हिब्रू वर्ष लिहा'. लेबल म्हणजे भिंतीवरची पाटी. ती वाचायची असते, तिच्यावर लिहायचे नसते.

४. लिहिण्यासाठी एंट्री ठेवावी व तिचे नाव खाना ठेवावे. उत्तरासाठी आणखी एक कोरे लेबल घेऊन त्याला उत्तर हे नाव द्यावे.

५. आता पाहा नावाची कृती लिहावी. तिची सुरुवात डेफ ह्या शब्दाने होते आणि आतील ओळी चार जागा सरकवून लिहितात. खाना.गेट() ने लिहिलेला मजकूर मिळतो. इंट ने त्याची संख्या होते. मग वरील रीतीने बाकी काढावी. गुणाकाराला तारकेचे व बाकीला टक्क्याचे चिन्ह वापरतात. बाकीप्रमाणे उत्तर.कॉन्फिग ह्या आज्ञेने 'ह्या वर्षी अदार दोन' किंवा 'अदार एकच' असे दाखवावे.

६. शेवटी बटन ठेवावे. त्यावर मजकूर 'पाहा' आणि त्याची कमांड म्हणजे वरील कृती.

प्रत्येक भागावर पॅक() ही आज्ञा द्यावी, म्हणजे तो खिडकीत वरून खाली मांडला जातो. अगदी शेवटची ओळ: खिडकी.मेनलूप().

खिडकी वाट पाहते

ही शेवटची ओळ नीट समजून घ्यावी. साधा प्रोग्राम वरून खाली धावतो आणि संपतो. खिडकीचा प्रोग्राम मात्र मेनलूपपाशी येऊन थांबतो व वाट पाहतो. बटन केव्हा दाबायचे, आधी काय लिहायचे, हे वापरणारा ठरवतो. प्रोग्राम लिहिणाऱ्याचा त्यावर हुकूम चालत नाही. नवशिक्यांच्या बहुतेक अडचणी ही गोष्ट लक्षात न आल्यामुळे होतात.

पहिली अडचण: कमांड देताना कृतीचे नुसते नाव द्यावे, पुढे कंस लावू नयेत. कंस लावले तर कृती खिडकी मांडतानाच एकदा होऊन जाते आणि नंतर बटन दाबून काहीच घडत नाही.

दुसरी: खाना तयार करणे व त्याला पॅक करणे, ह्या दोन ओळी वेगळ्या लिहाव्यात. एकाच ओळीत लिहिल्यास खाना दिसतो खरा, पण त्या नावापाशी काहीच शिल्लक राहत नाही आणि गेट() चालत नाही.

तिसरी सर्वांत महत्त्वाची: कोणी खाना रिकामा ठेवून बटन दाबले किंवा आकड्याऐवजी अक्षरे लिहिली, तर चुकीची सूचना मागच्या काळ्या पडद्यावर उमटते. खिडकी गप्प राहते. आजीला वाटते, आपल्याकडून यंत्र बिघडले. म्हणून इंटची ओळ ट्राय खाली घ्यावी आणि एक्सेप्ट खाली 'कृपया वर्ष आकड्यांत लिहा' असे उत्तर ठेवावे.

एक आनंदाची गोष्ट अशी की इंट ला देवनागरी आकडेही समजतात. कोणी ५७८७ असे मराठीत लिहिले तरी उत्तर बरोबर येते. त्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही.

खिडकी काय ठरवत नाही

वर्षात दोन अदार आहेत, एवढेच ही खिडकी सांगते. स्मृतिदिन कोणत्या अदारमध्ये पाळावा, हे ती सांगत नाही. मृत्यू तेरा महिन्यांच्या वर्षी झाला असेल, तर पुढील तशा वर्षी तोच अदार धरतात. मृत्यू साध्या वर्षी झाला असेल, तर शुल्हान आरुखमध्ये योसेफ कारो दुसरा अदार सांगतात. त्यावरील टिपेत मोशे इस्सर्लिस पहिला सांगतात. आपण बेने इस्राएल बहुतांशी सेफार्दी पद्धतीने चालतो, तरी आपल्या घराची चाल हज्जान किंवा रब्बींना विचारूनच ठरवावी. खिडकीतील 'अदार दोन' ह्या उत्तराखाली 'हज्जानना विचारा' अशी ओळ जोडावी. संगणकाच्या उत्तरावर माणसे चटकन विश्वास ठेवतात, म्हणून ही ओळ गाळू नये.

गृहपाठ

खाना साफ करणारे 'पुसा' नावाचे दुसरे बटन जोडावे. त्यासाठी खाना.डिलीट ही आज्ञा आहे. कंसात ० व टीके.एंड लिहावे, एंड मोठ्या अक्षरांत. अक्षरे लहान वाटत असल्यास प्रत्येक भागाला फॉन्टचा आकार २० द्यावा. मग घरातील वडील माणसाला संगणकापुढे बसवावे आणि आपण मागे गप्प उभे राहावे. त्यांचा हात जेथे थांबेल, तेथील पाटीचा मजकूर बदलावा.