शाळेच्या आवारातील आजारी मांजर

पोषण आहाराच्या तांदळाची कोठी जेथे, तेथे उंदीर. आणि उंदीर जेथे, तेथे मांजर. आपल्या वऱ्हाडातील अनेक प्राथमिक शाळांच्या आवारात हा प्राणी कोणी न आणताच येऊन राहतो. तो निरोगी असेपर्यंत त्याची कोणी दखल घेत नाही. डोळे चिकटलेले, केस गळालेले मांजर व्हरांड्यात आले म्हणजे मात्र वर्गात दोन तट पडतात. काही मुले दगड उचलतात, काही त्या मांजरासच उचलून छातीशी धरतात. शिक्षकांस दोहोंनाही थांबवावयाचे असते, आणि दुसऱ्यांस थांबविणे अधिक कठीण असते.

संत गाडगेबाबांचा जन्म १८७६ साली याच अमरावती जिल्ह्यात शेंडगाव येथे झाला. जत्रांतील पशुहत्येविरुद्ध त्यांनी कीर्तनांतून लोकांस सांगितले; मुक्या प्राण्यांस अभय देणे हा त्यांच्या संदेशाचा एक भाग होता. परंतु बाबांच्या हातात खराटाही होता, हे या पाठाच्या वेळी मुलांस अवश्य स्मरवावे. दया व स्वच्छता यांची फारकत झाली की दयेनेच अपाय होतो.

मांजराच्या अंगावर वाटोळे, केस नसलेले चट्टे असतील तर तो बहुधा नायटा होय, व तो मुलांस लागतो. यास्तव हाताळणी शिक्षकांनीच करावी. जाड गोणपाट टाकून मांजर अलगद धरावे, भोके पाडलेल्या खोक्यात ठेवावे व खोके स्वयंपाकघरापासून दूर, सावलीत असावे. लाळ गाळणारे किंवा अकारण अंगावर धावणारे मांजर धरूच नये. कुत्र्याप्रमाणे मांजरासही रेबीज होतो. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी व मुलास त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. जखमेवर तिखट किंवा चुना लावण्याची रीत अद्याप कोठे कोठे दिसते; ती शाळेने तरी मोडावी.

उपचारांत सद्हेतूने होणाऱ्या चुकाच फार. गाईचे दूध पुष्कळ मोठ्या मांजरांस पचत नाही व हगवण लागते. हगवणीने अशक्त प्राणी आणखी खचतो. त्यापेक्षा पाणी व मीठमसाल्याविना उकडलेले अंडे थोडे थोडे द्यावे. तापावर माणसांस देतात ती पॅरासिटामॉलची गोळी मांजरास विष ठरते, कारण ती पचवून निरुपद्रवी करण्याची शक्ती त्याच्या यकृतात फारच थोडी असते. फिनाईलने अंग पुसणेही तसेच घातक. मांजर आपले अंग चाटते. चिकटलेले डोळे उकळून कोमट केलेल्या पाण्यात भिजविलेल्या कापसाने पुसावेत. गारठलेल्या पिलास आधी ऊब द्यावी, मग अन्न. थंड अंगाने त्यास ते पचत नाही. मात्र पिलू एकटे दिसले म्हणजे ते पोरके, असे समजू नये. आई शिकारीस गेलेली असते. काही तास दुरून पाहावे.

यापुढील काम पशुवैद्याचे. गावाजवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. अवघड दुखणे असल्यास अकोल्यास स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे, तेथे चौकशी करावी. बरे झाल्यावर वंध्यीकरणाविषयीही तेथेच विचारावे. मादी पाच-सहा महिन्यांची होताच गाभण राहू शकते व साधारण नऊ आठवड्यांत विते. हे न केल्यास पुढील वर्षी शाळेपुढे तीच अडचण चौपटीने उभी राहील. बरे झालेले मांजर दुसऱ्या गावी नेऊन सोडणे हे पुनर्वसन नव्हे. मांजर जागा ओळखते. जेथून आणले तेथेच, अथवा त्यास ठेवण्यास मनापासून तयार असलेल्या घरी द्यावे.

मुलांस स्पर्श नाही, परंतु काम पुष्कळ आहे. पाण्याचे भांडे भरून शिक्षकांजवळ देणे, दुरून निरीक्षण करणे, मांजराने किती खाल्ले ते वहीत लिहिणे. जन्मतः सुमारे शंभर ग्रॅमचे पिलू प्रारंभी रोज दहा-पंधरा ग्रॅम वाढते. शिक्षकांनी केलेल्या वजनावरून चौथीच्या वर्गास चांगला आलेख काढता येतो. पोषण आहाराचा तराजू मात्र यासाठी घेऊ नये.

सर्वच मांजरे वाचत नाहीत. मांजर मेल्यास ते पळून गेले, असे मुलांस सांगू नये. खोल खड्ड्यात पुरावे, खोके जाळावे, हात साबणाने धुवावेत, आणि वहीतील त्या दिवसाची नोंद मुलांकडूनच पुरी करून घ्यावी.