कवटीचे माप आणि माणसाची प्रतिष्ठा

वंशावरून माणूस श्रेष्ठ-कनिष्ठ ठरतो काय? 1920च्या दशकाच्या अखेरीस पुण्याच्या इरावती कर्वे बर्लिनच्या मानववंश व आनुवंशिकता संस्थेत संशोधन करीत होत्या. संस्थाप्रमुख ऑयगेन फिशर यांची धारणा अशी, की गोऱ्यांच्या कवटीच्या दोन बाजू असमान असतात आणि तेच त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीचे लक्षण होय. कर्वे यांनी कवट्या मोजल्या. वंशानुसार तसा भेद आढळला नाही. गुरूंचे मत विरुद्ध असूनही त्यांनी सत्यच लिहिले. पुढे फिशर यांच्या विचारांचा आधार नाझींनी घेतला.

त्या कवट्यांपैकी काही आफ्रिकेतील जर्मन वसाहतींतून आणलेल्या होत्या. त्यासाठी मृतांच्या आप्तांची संमती कोणी घेतली? आज संशोधनासाठी रक्ताचा नमुना घेण्यापूर्वी माहिती देऊन संमती घेणे आवश्यक मानले जाते. मानवी प्रतिष्ठेचा तो हक्क आहे.

पवित्र कुरआनच्या सूरह हुजुरातमधील 13व्या आयतीची शिकवण हीच आहे: मानवजातीचे मूळ एक, कुळे व जमाती परस्पर ओळखीसाठी, आणि अल्लाहजवळ प्रतिष्ठा केवळ तकव्याची. कोणत्याही दोन माणसांचा डीएनए सुमारे 99.9 टक्के समान असतो, हे आता विज्ञानही सांगते. उरलेल्या भेदाचा अभ्यास सिकलसेलसारख्या आजारांच्या निदानासाठी व्हावा. कोणत्याही समाजाला कमी लेखण्यासाठी नव्हे.

राजगुरुनगर-चाकणच्या कारखान्यांत अनेक प्रांतांचे बांधव राबतात. त्यांना खोली भाड्याने देताना अथवा मुलामुलींचे निकाह ठरवताना आपण रंग, प्रांत वा बिरादरी पाहतो काय? याचे उत्तर प्रत्येक घराने प्रामाणिकपणे द्यावे.