काजळी आणि पाणी

दिव्यावर धरलेल्या वाटीला जमलेली काजळी खरवडून पेलाभर पाण्यात टाकावी. ती पाण्यात मिसळत नाही. कितीही ढवळले, तरी थोड्याच वेळात तिचे पुंजके होऊन काही वर तरंगतात, काही तळाशी बसतात. पाणी पुन्हा पाणी आणि काजळी पुन्हा काजळी! आता बाभळीचा डिंक भिजवून त्या डिंकाच्या पाण्यात तीच काजळी खलात पुष्कळ वेळ घोटावी आणि मग तीत बेताने पाणी घालावे. ह्या वेळी काजळी सहजासहजी वेगळी होत नाही. काळीभोर शाई तयार होते. इजिप्तमधील लेखक 4,000 वर्षांपूर्वीही काजळी व डिंक ह्यांचीच शाई वापरीत असत. आपल्याकडील जुन्या पोथ्याही काजळीच्या शाईने लिहिलेल्या आढळतात.

डिंकाने ही किमया केली कशी? काजळीच्या कणाला पाण्याचे प्रेम नाही. पाण्यात दोन कण एकमेकांजवळ आले, की ते एकमेकांना बिलगतात. दोहोंचे चार होतात, चारांचा पुंजका होतो. डिंकाचा रेणू मात्र लांब साखळीसारखा असतो. अशा साखळ्या कणांवर बसतात आणि त्यांचे उरलेले भाग पाण्यात पसरतात. मग कणाची स्थिती साळिंदरासारखी होते. दोन साळिंदरांना एकमेकांना घट्ट बिलगता येईल काय? कण एकमेकांपासून दूर राहतात, म्हणूनच शाई टिकते.

पाण्यात विरघळणारा रंग वापरला, तर ही खटपट करावी लागत नाही. परंतु जो रंग पाण्यात सहज विरघळतो, तो कागदावर पाण्याचा थेंब पडताच पसरण्याची भीती असते. शिवाय असे पुष्कळ रंग उन्हात लवकर विटतात. महत्त्वाची कागदपत्रे अशी पुसट होऊन कसे चालेल? काजळीसारखे न विरघळणारे रंगद्रव्य टिकाऊ खरे; पण न विरघळणे हा त्याचा जसा गुण, तसाच तो त्याचा दोषही होय.

शाईचे बारीक थेंब कागदावर उडवून छापणारी यंत्रे निघाली, तेव्हा हा पेच अधिकच कठीण झाला. त्या यंत्रांची छिद्रे माणसाच्या केसाहूनही बारीक असतात. रंगद्रव्याचे कण एकत्र आले, की छिद्र बुजलेच! तेथे कणाचा आकार सुमारे एक दशसहस्रांश मिलिमीटर असावा लागतो आणि शाई महिनोन्‌महिने तशीच राहावी लागते. झाडाचा डिंक तर मिळेल तसा घ्यावा लागतो. त्याच्या साखळ्यांची लांबी हवी तशी ठरविता येत नाही. तेव्हा साखळ्याच मापून घडविल्या पाहिजेत, हे रसायनशास्त्रज्ञांनी ओळखले.

अशा लांब साखळ्यांच्या पदार्थांना बहुवारिके म्हणतात. बहुवारिके तयार करण्याच्या नेहमीच्या रीतीत साखळ्या वेगवेगळ्या वेळी सुरू होतात व मध्येच थांबतात. म्हणून त्या लहानमोठ्या होतात. मायकेल श्वार्ट्‌स ह्या शास्त्रज्ञाने 1956 मध्ये न थांबणाऱ्या, म्हणजे ‘जिवंत’ साखळ्यांची रीत दाखविली. अनेक दोरे एकाच वेळी घेऊन त्यांत शेवंतीची फुले ओवीत जावे, तसे हे घडते. फुले संपली, की सर्व माळा जवळजवळ सारख्याच लांबीच्या होतात. पण त्यांची टोके मोकळीच राहतात. मग झेंडू ओवला, की प्रत्येक माळ अर्धी शेवंतीची व अर्धी झेंडूची होते! परंतु काही उपयुक्त पदार्थांसाठी ह्या रीतीने काम करताना अतिशय थंडी ठेवावी लागे. 1983 मध्ये अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीच्या ओवेन वेब्स्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या पदार्थांच्या जिवंत साखळ्या साध्या तापमानालाही घडविण्याची नवी रीत प्रसिद्ध केली.

ह्या रीतीने दोन स्वभावांची साखळी घडविता आली. तिचा एक भाग पाण्याला टाळतो आणि रंगद्रव्याच्या कणाला चिकटतो. दुसरा भाग पाण्यात पसरतो. त्यावर ऋण विद्युत्‌भार असतो. सारखे विद्युत्‌भार एकमेकांना दूर लोटतात, आणि पसरलेल्या साखळ्याही कणांना जवळ येऊ देत नाहीत. अशी बहुवारिके पुढे छपाईयंत्रांच्या शाईत वापरली गेली. थेंब कागदावर पडला, की पाणी मुरते व उडून जाते. मग कण कागदावर घट्ट बसतात.

काजळी आणि पाणी ह्यांचा स्वभाव कोणी बदलला नाही. काजळी काजळीच राहिली, पाणीही पाणीच राहिले. दोहोंशी मैत्री असणारा एक मध्यस्थ मात्र त्यांच्यामध्ये उभा राहिला. हे काम पूर्वी डिंक करीत असे. ते तो कसे करतो, हे समजून घेतल्यावर माणसाने त्याहून नेमका मध्यस्थ स्वतः घडविला.

शब्दार्थ
किमया – अद्भुत करामत; पेच – अडचण; दशसहस्रांश – दहा हजारावा भाग; विटणे – रंग फिका पडणे.

प्रश्न
1. डिंकामुळे काजळीचे कण एकत्र का येत नाहीत?
2. ‘न विरघळणे हा रंगद्रव्याचा गुणही आहे व दोषही आहे’, हे स्पष्ट करा.
3. फुलांच्या माळांच्या उदाहरणावरून ‘जिवंत’ साखळ्यांची रीत आपल्या शब्दांत सांगा.