अभ्यासपाठ : सूर्य, विहीर आणि सातबारा

वाचन : मत्तय 5:43–48, उत्पत्ती 26:17–22



मत्तयाच्या या भागात प्रभू येशू स्वर्गीय पित्याच्या प्रीतीचे माप सांगताना दोन रोजच्या गोष्टी घेतो : सूर्य आणि पाऊस. दोन्ही चांगल्या-वाईटाचा हिशेब न करता सर्वांना मिळतात. आपल्या मराठवाड्यात सूर्याची कमतरता कधीच नव्हती. पावसाचे तसे म्हणता येत नाही. सौर कृषी पंपाचा विचार करताना या दोन्ही गोष्टी डोळ्यांपुढे ठेवाव्या लागतात.

आपली वीज आजवर मुख्यतः कोळशावर तयार झाली. कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची, त्या वाफेवर चाक फिरवायचे आणि वाफ थंड करायला पुन्हा पाणी वापरायचे. म्हणूनच 2013 च्या दुष्काळात परळीचे औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले आणि 2015 मध्ये पुन्हा तीच वेळ आली. पुढच्याच वर्षी, एप्रिल 2016 मध्ये, लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. 2070 पर्यंत कार्बनचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे वचन भारताने 2021 साली ग्लासगो येथे दिले, तेव्हा ते आपल्यापासून फार दूरचे वाटले असेल. पण कोळशाची वीज पाणीही खाते, हे परळी-लातूरच्या लोकांना वेगळे शिकवावे लागत नाही. सोलरच्या प्लेटांना धूळ धुण्यापुरते पाणी पुरते.

शेतकऱ्याला सौर पंपाचा सर्वांत मोठा लाभ दिवसा पाणी देता येण्याचा आहे. शेतीची थ्री-फेज वीज पाळीपाळीने येते. रात्रीची पाळी आली की बॅटरी हातात घेऊन साप, विंचू, रानडुकरे यांच्यातून बांधावर जावे लागते. सौर पंप सकाळी हळू चालतो, दुपारी पूर्ण जोर धरतो आणि ऊन उतरले की थांबतो. ढग आले तर पाणी कमी येते, हेही लाभार्थ्याला आधीच सांगून ठेवावे. नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात पंप बिघडला अशी ओरड होते.

राज्य सरकारने 2024 मध्ये ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना आणली. अडीच एकरांपर्यंत जमीन असलेल्याला 3 अश्वशक्तीचा, पाच एकरांपर्यंत 5 चा आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या 10 टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने फक्त 5 टक्के. पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आणि विमाही त्यातच आहे. एप्रिल 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज देण्याची योजनाही लागू झाली. परंतु ज्याच्याकडे मोटारच नाही त्याला मोफत वीज देऊन काय मिळाले? किनवट-माहूरच्या डोंगराळ भागातील गोंड, कोलाम, आंध कुटुंबांपैकी बऱ्याच जणांची हीच स्थिती आहे. त्यांच्यासाठी त्या 5 टक्क्यांचे मोल मोठे आहे, आणि माझ्या मते या सगळ्या धोरणातील ती सर्वांत न्यायाची ओळ आहे.

मात्र त्या ओळीपर्यंत पोहोचायला कागद लागतात. सातबाऱ्यावर विहिरीची किंवा कूपनलिकेची नोंद हवी. जातीचा दाखला हवा. जमीन सामाईक असेल तर इतर हिस्सेदारांचे ना-हरकत पत्र हवे. सातबारा आजोबांच्याच नावावर असेल तर आधी वारसनोंद करावी लागते. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली पट्टा मिळालेल्यांनी मूळ पट्टा घेऊन किनवटच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात आधी विचारणा करावी. विहीरच नसेल तर पंपाआधी विहिरीचा अर्ज. बिरसा मुंडा कृषी क्रांती योजनेत अनुसूचित जमातीच्या शेतकऱ्यांना नव्या विहिरीसाठी अनुदान आहे. चौकशी जिल्हा परिषदेच्या कृषी विभागाकडे करावी. कोलाम ही महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक. त्यांच्या वस्त्यांत घरगुती वीज पोहोचवण्याची तरतूद ‘पीएम-जनमन’मध्ये आहे; केंद्रीय मंत्रिमंडळाने ती योजना 29 नोव्हेंबर 2023 रोजी मंजूर केली. तारेने वीज नेणे शक्य नसेल तेथे सौरसंच देण्याची सोयही तीत आहे.

आता उत्पत्तीचा भाग. इसहाकाच्या चाकरांनी खोऱ्यात विहीर खणली तेव्हा गरारचे गुराखी पाणी आपलेच म्हणून भांडू लागले. दुसऱ्या विहिरीवरही तेच. तिसरीवर भांडण झाले नाही, आणि तिला रहोबोथ, म्हणजे मोकळी जागा, असे नाव मिळाले. सौर पंपाला बिल येत नाही. त्यामुळे तो दिवसभर चालू ठेवण्याचा मोह होतो. आपल्याकडील काळ्या खडकात पाणी थोडेच साठते. एकाची विहीर उपसली की शेजारच्याची आटते, आणि खालच्या वाडीचा पिण्याच्या पाण्याचा आडही. म्हणून पंप बसण्यापूर्वीच गावाने एकत्र बसून पाळ्या ठरवाव्यात आणि ठिबकवर भर द्यावा.

मंडळीतील निवृत्त शिक्षक, कारकून आणि मोबाइल चांगला वापरणारे तरुण यांच्याकडून येथे मोठी सेवा होऊ शकते. महिन्यातून एक दिवस वस्तीवर जावे, कागद तपासावेत, ऑनलाइन अर्ज भरून पोच लाभार्थ्याच्याच हाती द्यावी. पैसे लाभार्थ्यानेच भरावेत, पावती त्याच्याच नावाची असावी. कोण कोणत्या देवाला मानतो, हे विचारायचे नाही. मत्तयाचा भाग तेथे आपल्याला दुसरी वाट ठेवत नाही.

चर्चेसाठी प्रश्न :

सूर्य सर्वांवर उगवतो, मग त्याची वीज काहींनाच का मिळते? आपल्या ओळखीच्या एका कुटुंबाचे उदाहरण घेऊन बोला.

रहोबोथची विहीर भांडणाविना कशी राहिली? इसहाकाने त्यासाठी काय सोडून दिले?

आपल्या मंडळीत सातबारा वाचता येणारे किती जण आहेत? पुढच्या महिन्यात त्यांच्यापैकी कोण, कोणत्या वस्तीवर जाईल?